उडी उंच, मग धाव मागे का? बास्केटबॉल खेळणाऱ्यांसाठी मोजणीपासून सरावापर्यंत

रत्नागिरीत अकरावीला असताना मी एक अख्खं वर्ष उडीच्या मागे लागलो होतो. सकाळी पाखाडीच्या पायऱ्यांवर उड्या, संध्याकाळी बैठका, झोपण्याआधी टाचा उचलून पोटऱ्यांचा व्यायाम. घरामागच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीवर गेरूने खुणा करत होतो. वर्षाच्या शेवटची खूण पहिल्या खुणेपेक्षा नऊ सेंटिमीटर वर होती. त्या वर्षी स्पर्धेत मात्र चेंडू हिसकावून समोरच्या बास्केटकडे निघालो की तिसऱ्या-चौथ्या पावलालाच कोणीतरी शेजारी आलेला असायचा. त्यातल्या निम्म्या मुलांची उडी माझ्यापेक्षा कमी होती.

"उडी वाढव, वेग आपोआप येतो," असं मला सांगितलं गेलं होतं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजायला मला पुढची काही वर्षं लागली. आता संध्याकाळी मुलामुलींना शिकवतो तेव्हा दर वर्षी कोणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं: "सर, उडी वाढली, मग मी अजून मागे का?" त्यांना जे करायला सांगतो ते इथे क्रमाने लिहितो आहे. नवीन खेळाडू, पालक, आणि हाताशी काहीच साधनं नसलेले पी.टी.चे शिक्षक, तिघांनाही हे घरच्या घरी जमेल.

सुरुवातीला थोडं शास्त्र

जमिनीला आपण पायाने जितका जोर देतो तितकाच जोर जमीन उलटा देते. उडी असो की धाव, शरीर हलतं ते या उलट्या जोरावर. उडीत तो जोर सरळ वर हवा. धावेच्या पहिल्या काही पावलांत तो पुढे वळवावा लागतो, म्हणून चांगला धावणारा सुटताना पुढे झुकलेला दिसतो.

दोन्हींत वाहायचं ओझं एकच, स्वतःचं वजन. समजा, ५५ किलोची मुलगी आणि ८५ किलोचा मुलगा दोघंही ४० सेंटिमीटर उडाले. जमीन सोडताना दोघांचा वेग सारखाच असतो, सेकंदाला साधारण २.८ मीटर. पण मुलाच्या पायांना त्यासाठी दीडपट काम करावं लागलेलं असतं. म्हणजे उडीच्या उंचीत वजनाचा हिशेब आधीच धरलेला असतो, आणि धावेच्या वेळेतही तसाच. उडी आणि धाव एकमेकींशी जुळतात त्याचं मोठं कारण हे आहे. म्हणूनच किती किलोचा बार घेऊन बैठक मारता यापेक्षा स्वतःच्या वजनाच्या किती पट घेऊन मारता, याचा धावेशी जास्त संबंध लागतो.

उडी आणि धाव वेगळ्या होतात त्या वेळेवरून. गुडघे दुमडून खाली जाऊन उडी मारताना, खाली जायला लागल्यापासून जमीन सुटेपर्यंत पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ मिळतो. धावेच्या पहिल्या पावलात पाय जमिनीवर असतो तो सेकंदाच्या जेमतेम पाचव्या भागाइतका. पूर्ण वेगात तर दहाव्या भागाइतकाच. पायात जोर भरपूर असेल, पण तो बाहेर पडायला वेळ लागत असेल, तर उडी उंच जाते आणि धाव मागे राहते. माझं नेमकं हेच झालं होतं. मी खोल बसून, सावकाश जोर साठवून उडायचो. भिंतीवरची खूण वर जात होती, पण मैदानावर तेवढा वेळ मला कोणी देत नव्हतं.

काय काय लागेल

- कापडी किंवा स्टीलची टेप, किमान १० मीटरची. बांधकामवाल्यांकडे ३० मीटरची मिळाली तर उत्तम.
- खडू, आणि मातीचं मैदान असेल तर फक्की.
- स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करणारा मोबाइल. सेकंदाला २४० फ्रेम घेणारा असावा. तो ठेवायला तिकाटणं नसेल तर एक चिरा आणि रबरबँड पुरतात.
- स्टॉपवॉच आणि शिट्टी.
- एक जाड वही. सुटे कागद नकोत, पावसात हरवतात.
- दुसऱ्यांच्या मुलांची चाचणी घेणार असाल तर पालकांचं सही केलेलं संमतीपत्र आणि मुलाला धावण्या-उडण्याला हरकत नसल्याचा डॉक्टरांचा दाखला. जन्मतारीखही लिहून घ्या. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात, आणि पुढे आकडे ताडून बघताना हे गट वेगळे ठेवावेच लागतात.

१. जागा आणि वेळ आधी ठरवा, मग बदलू नका

कोकणात ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि सर्वांत जास्त दुर्लक्ष हिच्याकडेच होतं. सकाळी सातला आणि दुपारी चारला घेतलेली धाव एकच नसते. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो. कोर्ट पूर्व-पश्चिम असेल तर एका दिशेने तो पाठीशी असतो आणि दुसऱ्या दिशेने तोंडावर. चाचणी सकाळी घ्या आणि प्रत्येक वेळी त्याच दिशेने धावा.

जमीनही तीच हवी. सिमेंटचं कोर्ट, तांबड्या मातीचं पटांगण, कातळाचा सडा (उघडं खडकाळ पठार) आणि पुळण (समुद्रकाठची वाळू), या चौघांवर एकाच मुलाचे चार वेगळे आकडे येतात. भाट्याच्या किनाऱ्यावर सराव जरूर करा, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे, पण मोजणी तिथे नको. कोरडी वाळू पावलाखालून सरकते, जोर गिळते आणि पाय जमिनीवर जास्त वेळ राहतो. ओहोटीनंतरची ओली वाळू घट्ट असते खरी, पण आजची आणि पंधरा दिवसांनंतरची सारखी नसते. शिवाय किनारा समुद्राकडे उतरता असतो.

पावसाळ्यात उघड्या सिमेंटच्या कोर्टवर शेवाळ धरतं. वरून काळपट दिसतं, पाय ठेवला की साबणासारखं. जून ते सप्टेंबर मोजणी शाळेच्या हॉलमध्ये किंवा लांब व्हरांड्यात करा. व्हरांडा दहा मीटरचा असेल तर तिथे पूर्ण धाव घेऊ नका, थांबायला जागा उरत नाही आणि हात भिंतीवर आपटतात. पाच मीटरपर्यंतच मोजा.

२. उभी उडी मोजा

भिंतीवर खूण करून उडी मोजायची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. डडली सार्जंट या अमेरिकन शारीरिक शिक्षणतज्ज्ञाने १९२१ मध्ये ती मांडली. भिंतीला कुशी लावून उभं राहायचं, हात वर ताणून बोटांच्या टोकाने खूण करायची, मग उडून दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे उडी.

इथला सापळा पहिल्या खुणेत आहे. मुलं उभ्याने हात मोजताना खांदा चोरतात. मुद्दाम नसेल, पण हात पूर्ण ताणत नाहीत. मग उडताना खांदा सुटतो आणि चार-पाच सेंटिमीटर फुकट मिळतात. पहिली खूण करताना दुसऱ्याने दंडाला धरून हात वर ढकलावा, टाचा जमिनीला टेकलेल्या आहेत हे पाहावं.

मला मोबाइलची पद्धत जास्त भरवशाची वाटते. कार्मेलो बॉस्को या इटालियन संशोधकाने १९८० च्या दशकात हवेत राहण्याच्या वेळेवरून उडी काढण्याची रीत रूढ केली. हात कमरेवर ठेवून उडी मारायची आणि पावलं दिसतील असा मोबाइल जमिनीलगत ठेवायचा. पाय सुटल्याची पहिली फ्रेम आणि पाय टेकल्याची पहिली फ्रेम शोधायची, मधल्या फ्रेम मोजायच्या. २४० फ्रेमच्या चित्रीकरणात मध्ये १३२ फ्रेम आल्या तर वेळ झाली ०.५५ सेकंद. या वेळेचा वर्ग करून १.२२६ ने गुणा:

०.५५ × ०.५५ × १.२२६ = ०.३७ मीटर, म्हणजे ३७ सेंटिमीटर.

साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओवर हे करू नका. तिथे एक फ्रेम चुकली तर उडीत चार सेंटिमीटरचा फरक पडतो. २४० मध्ये तीच चूक अर्ध्या सेंटिमीटरवर येते. दुसरी खबरदारी गुडघ्यांची. हवेत गुडघे पोटाशी घेतले किंवा बसत बसत टेकले, तर पाय उशिरा टेकतो आणि उडी खोटी वाढते. सुटताना पाय जसे सरळ होते तसेच टेकताना सरळ हवेत. गुडघे त्यानंतर दुमडायचे.

दोन प्रकारच्या उड्या घ्या, प्रत्येकी तीन, आणि सर्वांत चांगली लिहा. पहिली दबून उडी, म्हणजे उभ्यावरून झटकन खाली जाऊन लगेच वर. दुसरी थांबून उडी. अर्धी बैठक घेऊन तिथेच मनात एक-दोन-तीन म्हणायचं आणि पुन्हा खाली न जाता सरळ वर. पहिली दुसरीपेक्षा उंच यायला हवी, कारण खाली जाताना स्नायू आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) ताणल्या जातात आणि ताणलेल्या रबरासारखी परतफेड करतात. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले, तर ताकद आहे पण लवचीक झटका वापरला जात नाही असं समजा. खो-खोत बसलेल्या खेळाडूला खो मिळाल्यावर जे करावं लागतं ते थांबून उडीच्या जवळचं आहे. बसल्या जागेवरून, आधी झोल न घेता, थेट सुटायचं. माझ्याकडे खो-खोतून आलेल्या मुली बास्केटबॉलला नवीन असूनही पहिल्या पावलात चपळ का, हे मला त्यावरून उमगलं.

३. आडवी उडी आणि लंगडी

उभी उडी एकटी मोजून थांबणं ही सर्वांत मोठी चूक, मी वर्षभर तीच केली. धावेचा पहिला भाग पुढे ढकलण्याचा असतो, म्हणून पुढे जाणारी उडीही मोजा. जागेवरून दोन्ही पायांनी लांब उडी मारायची आणि सुटण्याच्या रेषेपासून मागच्या टाचेपर्यंत टेप लावायची. टेकल्यावर मागे पडलात तर ती उडी बाद. पहिल्या पाच-दहा मीटरच्या वेळेशी या उडीचं नातं किती आहे तेही पाचव्या पायरीत काढून बघा.

त्यानंतर लंगडी. आपल्याकडे हा खेळ लहानपणापासून प्रत्येकाच्या पायात असतो, त्यामुळे शिकवावा लागत नाही. दहा मीटरवर फक्कीची रेघ मारा. उजव्या पायाने पूर्ण जोरात लंगडी घालत जा, वेळ आणि उड्यांची संख्या लिहा. थोडी विश्रांती घेऊन डाव्या पायाने. लंगडीत पाय जमिनीवर टिकतो तो थोडाच वेळ, एकच पाय सगळं वजन झेलतो आणि लगेच परत फेकतो. धावेत हेच चालू असतं, आणि पळत येऊन एका पायावर लेअपसाठी (बास्केटजवळ जाऊन चेंडू हलकेच आत टाकायला) उडतानाही. दोन पायांवरच्या संथ उडीपेक्षा ती धावेच्या कितीतरी जवळची.

दोन पायांच्या वेळांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर ती आधी कमी करायची, बाकी सगळं नंतर. जुना मुरगळलेला घोटा बहुतेक वेळा इथेच सापडतो.

४. धाव मोजा, पण बास्केटबॉलपुरती

शंभर मीटरची वेळ इथे उपयोगाची नाही. कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असतं. सामन्यातल्या बहुतेक जोरदार धावा दोन-तीन सेकंदांत संपतात. पूर्ण वेग गाठण्याआधीच थांबायची किंवा वळायची वेळ येते. त्यामुळे बास्केटबॉलचा वेग म्हणजे मुख्यतः सुटण्याचा वेग.

मोजायची अंतरं तीन: ५ मीटर, १० मीटर आणि जवळजवळ पूर्ण कोर्ट. तिसऱ्यासाठी टेपचीही गरज नाही. एका बेसलाइनपासून (बास्केटमागची कोर्टाची कड) समोरच्या फ्री थ्रो लाइनपर्यंत (समोरच्या बास्केटपुढची, फ्री थ्रो मारायची रेघ) धावा. आपल्या कोर्टवर हे अंतर २२.२ मीटर भरतं. अमेरिकेत एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या निवड चाचणीत अशीच धाव घेतात. त्यांचं कोर्ट थोडं मोठं असल्याने तिथे ती ७५ फूट, म्हणजे २२.८६ मीटर होते. तिथल्या वेळेशी आपली वेळ थेट ताडू नका.

हातातलं स्टॉपवॉच नेहमी वेळ कमी दाखवतं. सुरुवात पाहून बोट हलायला उशीर होतो, शेवट मात्र आधीच दिसत असतो. अॅथलेटिक्समध्ये शंभर मीटरच्या हाती घेतलेल्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवून ती विजेवरच्या घड्याळाशी ताडायची पद्धत आहे. पाच मीटरची सगळी धावच सव्वा-दीड सेकंदाची, त्यात पाव सेकंदाची चूक म्हणजे मोजणीला अर्थच उरत नाही. म्हणून ५ आणि १० मीटर मोबाइलवर घ्या. दोन्ही रेघांवर काठ्या उभ्या करा, मोबाइल रेघेच्या सरळ रेषेत बाजूला ठेवा. मागचा पाय सुटल्यापासून छाती काठीला पोहोचेपर्यंत फ्रेम मोजा. दोन मोबाइल मिळाले तर अजून सोपं, पण एकावरही जमतं, फक्त तो जरा लांब न्यावा लागतो.

तीन वेळा धावा. मधे पूर्ण विश्रांती. दहा मीटरला एक मिनिट असा माझा हिशेब आहे. मुलं घाई करतात, दमलेल्या पायाची वेळ देतात आणि मग आकडा वाईट आला म्हणून नाराज होतात.

५. वहीत क्रम लावा

आता दहा-बारा जणांचे आकडे जमले असतील. उडी आणि धावेचा संबंध आपल्या संघात किती आहे ते काढता येतं, आणि त्याला संगणक लागत नाही.

उडीत पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक द्या. सर्वांत उंच उडी पहिली. दहा मीटरच्या धावेतही क्रमांक द्या, सर्वांत कमी वेळ पहिली. प्रत्येकाच्या दोन क्रमांकांतली वजाबाकी करा, तिचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा. समजा, दहा जणांची ही बेरीज ६० आली. ६० ला ६ ने गुणा, ३६०. दहा जणांसाठी भागाकाराची संख्या ९९० (१० गुणिले ९९; ९९ म्हणजे १० चा वर्ग वजा १). ३६० भागिले ९९० म्हणजे साधारण ०.३६. हे एकातून वजा केलं की ०.६४ उरतात.

उत्तर १ आलं तर दोन्ही याद्या तंतोतंत सारख्या. शून्याजवळ आलं तर एकीचा दुसरीशी संबंध नाही. ०.६४ म्हणजे चांगला संबंध. पण त्याचा वर्ग करून बघा, ०.४१ येतो. ढोबळमानाने, मुलामुलांतल्या धावेच्या फरकातला दोन पंचमांश भाग उडीशी जोडलेला आहे आणि तीन पंचमांश दुसरीकडून येतो: झुकाव, पावलाची जागा, जमिनीवरचा वेळ, सुटण्याची सवय. बास्केटबॉल खेळाडूंवर झालेल्या चाचण्यांत हा संबंध मध्यम ते बऱ्यापैकी घट्ट असाच येत राहिला आहे. उडीवरून धावेचा अंदाज लागतो, खात्री देता येत नाही.

इथे एक सापळा आहे आणि शिक्षकही त्यात सापडतात. आठवीची आणि बारावीची मुलं एकाच यादीत घातली तर संबंध फार घट्ट येतो. बारावीची मुलं मोठी, त्यामुळे उंचही उडतात आणि जोरातही पळतात. तो संबंध वयाचा, उडी-धावेचा नव्हे. मुलामुलींची एकत्र यादी केली तरी असंच होतं. गट वेगळे करा, मग बघा. सारख्या वयाच्या, सारख्या तयारीच्या मुलांत आकडा खाली आला तर चुकलं असं समजू नका. खरा आकडा तोच आहे.

जालावर किंवा पुस्तकात हाच संबंध उणे चिन्ह लावून दिसला तर गोंधळू नका. उडी वाढते तशी धावेची वेळ कमी होते, एवढाच त्या उण्याचा अर्थ.

६. तुम्ही कुठे आहात ते ओळखा

*उडी पुढे, धाव मागे.* वहीत असं नाव दिसलं की मी त्या मुलाला किंवा मुलीला मातीच्या पटांगणावर नेतो. दोन वर्षांपूर्वी अशीच एक नववीतली मुलगी होती. संघात उडीत दुसरी, दहा मीटरला आठवी. तिचं पहिलं पाऊल मोबाइलवर हळू करून पाहिलं. टाच आधी टेकत होती, तीही गुडघ्याच्या पुढे, आणि तांबड्या मातीचा फवारा पुढच्या बाजूला उडत होता. म्हणजे प्रत्येक पाऊल तिला थोडं थांबवत होतं. जोर होता, तो चुकीच्या दिशेने जात होता. सुटताना माती मागे उडाली पाहिजे. हे तिला चित्रात दाखवलं तेव्हा जे समजलं, ते तोंडाने सांगून महिनाभरात समजलं नसतं. तुमच्याकडे मातीचं पटांगण असेल तर हीच तपासणी करा, फुकट आहे आणि फसवत नाही.

*धाव पुढे, उडी मागे.* बहुधा हलकी, चपळ मुलं. जमिनीला पाय लागला की उचलला, असा त्यांचा स्वभाव. त्यांना झटक्याची कमतरता नसते, पायांच्या मूळ ताकदीची असते. रिबाउंडला (बास्केटला लागून परतलेला चेंडू पकडायला) कमी पडतात आणि धक्का लागला की बाजूला होतात. त्यांना बैठका, एका पायाच्या बैठका, पायऱ्यांवर वजन घेऊन चढणं द्या.

*दोन्ही मागे.* घाई नको. उंच ठोकळ्यावरून उड्या मारायला लावणं ही या मुलांशी केलेली सर्वांत वाईट गोष्ट. आधी दोन महिने साध्या बैठका, पूल (पाठीवर झोपून कंबर वर उचलणं), लंगडी, दोरी.

*दोन्ही पुढे* असतील तर खेळाकडे वळा. चेंडू टप्पे देत नेताना वेग कमी होतो, तो किती कमी होतो ते मोजा. थांबणं आणि वळणंही वेगळी कला आहे. सरळ धावेत पहिला असलेला मुलगा बचावात आडवं सरकताना मागे पडू शकतो, कारण तिथे वेग मारून परत उचलावा लागतो, आणि उडीच्या चाचणीत त्याची परीक्षाच होत नाही.

७. सराव

उड्यांचा सराव आठवड्यात दोनच दिवस, मधे किमान दोन दिवस अंतर. नवख्याने एका दिवसात ६० वेळा जमिनीवर टेकण्याच्या पुढे जाऊ नये, हळूहळू ८० पर्यंत. लंगडीचं प्रत्येक टेकणंही यात मोजा. मुलांना हा आकडा कमी वाटतो. त्यांना सांगा, दमण्यासाठी हा व्यायाम नाही, प्रत्येक उडी पूर्ण जोराची हवी.

उडीतला जोर धावेत आणायचा तर तीन गोष्टी मला सर्वांत उपयोगी पडल्या. पहिली, झुकून सुटणं. सरळ उभं राहून टाचा न उचलता सगळं शरीर पुढे झुकवत न्यायचं, तोल जातो आहे असं वाटलं की पळत सुटायचं, दहा मीटर. दुसरी, चढावर धाव. आपल्याकडे चढांची कमी नाही. गावातल्या डांबरी घाटीवर पंधरा मीटरच्या सहा धावा, प्रत्येकीनंतर चालत खाली. चढावर पाऊल पुढे फेकता येत नाही, शरीर आपोआप झुकतं. तिसरी, सलग तीन लांब उड्या, न थांबता. पहिलीचं टेकणं हेच दुसरीचं सुटणं.

पाखाडीवर वर जाताना उड्या मारा, उतरताना चालत या. उतरताना मारलेल्या उड्यांनी माझा गुडघा दोन महिने दुखला होता. पावसात पाखाडी पूर्ण बंद.

आता पुळणीचं. कोरड्या वाळूत पळायला घट्ट जमिनीच्या दीडपटीहून थोडी जास्त ऊर्जा लागते आणि सांध्यांवरचा आघात कमी होतो. म्हणून स्पर्धा संपल्यानंतर, किंवा पाय थकलेले असताना ताकद टिकवायला वाळू फार चांगली. पण झटका वाळूत तयार होत नाही. पाय रुततो, रबर ताणण्याआधीच सैल पडतं. अख्खा मे महिना फक्त किनाऱ्यावर घालवून जूनमध्ये कोर्टवर आलेल्या मुलांचे पाय जड पडलेले मी पाहिले आहेत. आठवड्यातून एक दिवस वाळू, बाकी घट्ट जमीन.

उन्हाळ्यात दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही. सकाळी नऊनंतर जोराचा सराव नको. नुसतं पाणी पिण्याऐवजी मीठ घातलेलं कोकम सरबत बरोबर ठेवा.

८. दुखलं तर, आणि पुन्हा कधी मोजायचं

बारा ते पंधरा वर्षांच्या वाढत्या मुलांत गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावरच्या उंचवट्यावर दुखणं वारंवार दिसतं. दाबल्यावर कळ आली तर उड्या थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मोठ्यांत वाटीच्या लगेच खालची कंडरा दुखते. सकाळी पायऱ्या उतरताना दुखणं हे तिचं पहिलं लक्षण. तेल चोळून सराव चालू ठेवण्याचा सल्ला सगळीकडून मिळेल. ऐकू नका. मी ऐकला होता आणि एक पूर्ण हंगाम घालवला.

पुन्हा मोजणी आठ आठवड्यांनी. तीच जागा, तीच बाजू, तेच बूट, तीच वेळ. उडीत एक सेंटिमीटर किंवा दहा मीटरला दोन-तीन शतांश सेकंदांचा फरक आला तर ती बहुधा मोजणीची हेलकावणी असते, सुधारणा मानू नका. त्याहून मोठा फरक लागोपाठ दोन मोजण्यांत टिकला तर वहीत लाल शाईने गोल करा. उडी वाढली आणि धाव तशीच राहिली, तर सहाव्या पायरीवर परत जा आणि पहिल्या पावलाचं चित्रीकरण करा.

सुरुवात करायला दिवाळीनंतरचा काळ सर्वांत सोयीचा. पाऊस गेलेला, हवा कोरडी, मैदान घट्ट. त्याआधी एका रविवारी चार जणांनी मिळून तारेच्या ब्रशने कोर्टवरचं शेवाळ घासून काढा, खाऱ्या हवेने गंजलेल्या खांबाचे नटबोल्ट तपासा, आणि टेप लावून ५ आणि १० मीटरच्या रेघा ऑइल पेंटने मारून ठेवा. फक्की दर वेळी पुसली जाते आणि दर वेळी रेघ थोडी सरकते. त्या नववीतल्या मुलीची दुसरी मोजणी अशाच पक्क्या रेघेवर झाली. उडी तेवढीच होती, दहा मीटरला ती आठवीवरून तिसरी आली होती.